गिऱ्हाईक ओळखलं, पण भाव?

पत्र थोडक्यात: अमरावती जिल्ह्यातल्या वरुड भागातले एक वाचक लिहितात. वय अठ्ठावीस. तालुक्याच्या गावी मोबाईल दुरुस्तीचं दुकान, घरी संत्र्याची बाग आणि थोडी कपाशी. ते ज्या टेलिग्राम ग्रुपमध्ये आहेत तिथे सध्या एका अमेरिकी चिप कंपनीची चर्चा जोरात आहे. कंपनी आपल्या सर्वांत मोठ्या मोबाईल ग्राहकाचं नाव उघड करत नाही. ग्रुपचा कयास असा की हा ग्राहक म्हणजे ॲपल, आणि पुढच्या आयफोनमध्ये या कंपनीची एकाऐवजी दोन चिप बसणार. या वाचकांनी दुकानात उघडलेल्या काही फोनच्या बोर्डावर त्याच कंपनीच्या आयसी (चिप) स्वतः पाहिल्या आहेत. ग्रुपमधल्या एकाचा मावसभाऊ तमिळनाडूतल्या मोबाईल कारखान्यात आहे, तोही दुजोरा देतो. आंबिया बहाराच्या सौद्याचे तीन लाख नुकतेच घरी आले आहेत, आणि ते ॲपवरून या शेअरमध्ये टाकावेत असं त्यांच्या मनात आहे. वडील म्हणतात, "तुले समजत असन तं कर." थोरला भाऊ मात्र विषयच काढू देत नाही. विचारणा दोन गोष्टींची: माझा पुरावा पक्का धरायचा का, आणि भावाला कसं पटवायचं? (कंपनीचं आणि गावाचं नाव आम्ही गाळलं आहे.)

भाऊ, नमस्कार.

शेअरबाजाराबद्दलची जी पत्रं या सदराकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांत 'अमक्यानं सांगितलं' याच्यापुढे काही नसतं. तुम्ही निदान बोर्ड मायक्रोस्कोपखाली धरून, आयसीवरचा नंबर वाचून बोलताय. म्हणून उत्तरही तसंच, बोर्डापासून सुरू करून देते.

तुमच्या टेबलावर फोन कधी येतो? पडला, पाण्यात गेला, चार्जिंग घेईना, नेटवर्क धरेना, तेव्हा. आणि बहुधा वॉरंटी संपल्यावर, कारण वॉरंटीतला फोन लोक आधी कंपनीच्या सेंटरला नेतात. म्हणजे तो एक-दोन, कधी तीन वर्षं वापरलेला असतो. आता मागे जा. कोणत्या मॉडेलमध्ये कुणाची चिप बसणार हे फोन बाजारात यायच्या वर्षभर किंवा त्याहूनही आधी ठरलेलं असतं, कारण बोर्डाची सगळी आखणी त्या चिपभोवती होते. तेव्हा तुम्ही चिमट्यात धरलेली ती आयसी दोन-चार वर्षांपूर्वीच्या सौद्याची साक्ष आहे. शेअरचा भाव पुढच्या सौद्यावर हलतो. तुमची नजर पक्की आहे यात वाद नाही, पण ती मागच्या वर्षांकडे लागलेली आहे, आणि पैसे मात्र तुम्ही पुढच्या वर्षावर लावायला निघालात.

दुसरी गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. एकाच नावाच्या फोनमध्ये सगळीकडे एकच माल नसतो. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस मालिकेत किती वर्षं एका देशात एक्सिनॉस प्रोसेसर आणि दुसऱ्या देशात स्नॅपड्रॅगन होता. आयफोन ७ मध्ये काही फोनला क्वालकॉमचा मॉडेम (नेटवर्कची चिप), काहींना इंटेलचा. २०१५ च्या आयफोन ६एस मधला मुख्य प्रोसेसर तर एकाच नावानं सॅमसंग आणि टीएसएमसी अशा दोन ठिकाणी बनत होता. मोठा ग्राहक मुद्दामच दोन पुरवठादार ठेवतो, म्हणजे एकानं भाव वाढवला तर दुसरा हाताशी. चार-सहा बोर्डांवर एक आयसी दिसली म्हणून कोट्यवधी फोनमध्ये तीच असेल, हे त्यातून निघत नाही.

तिसरी गोष्ट, खास आयफोनची. त्याच्या बोर्डावरच्या कितीतरी आयसींवर बनवणाऱ्याचं नाव नसतंच. ३३८एस पासून सुरू होणारे ॲपलचे नंबर तुम्ही पाहिले असतील. त्यांतली पॉवर आयसी डायलॉगची की ऑडिओची सिरस लॉजिकची, हे वरून कळत नाही. ते शोधायला आयसीचं कवच उतरवून आतली सिलिकॉनची चकती वाचावी लागते, आणि टेकइनसाइट्ससारख्या कंपन्या तेच काम पैसे घेऊन करतात. आयफिक्सिटवाले तर नवा फोन विक्रीला आला की लगेच तो खोलून फोटो टाकतात. जगभरच्या फंडांची माणसं त्या फोटोंवर टपून बसलेली असतात. तुमच्या बोर्डावरच्या ज्या आयसीवर त्या कंपनीचं नाव स्पष्ट छापलेलं होतं, तो फोन बहुधा अँड्रॉइड असणार. आपल्याकडे दुरुस्तीला येणारे फोन बघता तसंच वाटतं. मग त्यावरून ॲपलबद्दल काय सिद्ध होतं, हा प्रश्न स्वतःलाच विचारा.

राहता राहिला मावसभाऊ. त्याचं बोलणं ही ऐकीव गप असेल तर तिला किंमत नाही. खरी आतली माहिती असेल तर गोष्ट आणखी वाईट आहे. अशी माहिती वापरून शेअर घेणं आपल्याकडे सेबीच्या नियमांत बसत नाही आणि अमेरिकेतही गुन्हा ठरतो. २०१० च्या डिसेंबरात ॲपलच्या एका पुरवठादाराच्या अधिकाऱ्याला आयफोनची आतली माहिती बाहेर पुरवल्याबद्दल अमेरिकेत अटक झाली, आणि पुढच्या वर्षी त्यानं गुन्हा कबूलही केला. तीन लाखांच्या सौद्यासाठी अमेरिकेचे अधिकारी वरुडला येणार नाहीत, हे मलाही कळतं. पण त्या पोराची नोकरी एका फॉरवर्ड झालेल्या मेसेजनं जाऊ शकते. त्याला या भानगडीतून बाहेर राहू द्या.

आता तुमची बाजू घेते. समजा ग्रुपचा कयास शंभर टक्के खरा आहे. ग्राहक ॲपलच, आणि चिप दोन. तरी पुढे हिशोब उरतो, आणि ग्रुपमध्ये तो कुणी मांडलेला नाही असं तुमच्या पत्रावरून दिसतं. ॲपल वर्षाला वीस कोटींहून जास्त आयफोन विकतं. वाढीव चिपची किंमत एक डॉलर धरू. छोट्या आयसीला याच्या आसपासच भाव मिळतो. सगळ्या मॉडेलमध्ये ती बसली तर वीस कोटी डॉलर. फक्त महागड्या मॉडेलमध्ये बसली तर निम्मे. दुसरा पुरवठादारही असेल तर त्याच्याही निम्मे, म्हणजे पाच कोटी. कंपनीचं वर्षाचं उत्पन्न समजा चारशे कोटी डॉलर असेल, तर ज्या बातमीवर ग्रुप नाचतोय ती उत्पन्नात सव्वा टक्क्यापासून पाच टक्क्यांपर्यंतची भर आहे. त्यातला नफा आणखी कमी. आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत. तुमच्या कंपनीचे खरे आकडे घालून हाच हिशोब कागदावर करा. आणि तो करताना हेही पाहा की या कुजबुजीवर शेअर आधीच किती चढलाय. ही चर्चा फिरत फिरत तुमच्यापर्यंत येईतो भावात मिसळून गेलेली असते.

पण मला खरी काळजी वेगळीच आहे. तुम्ही सगळे 'मोठा ग्राहक कोण' हे शोधताय आणि तो सापडला की आनंद मानताय. मोठं गिऱ्हाईक ही जोखीमही असते, हे संत्र्याच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला मी सांगायचं म्हणजे जरा गंमतच. बगीचा झाडावरच एका व्यापाऱ्याला दिला, इसार घेतला, आणि तोडणीच्या वेळी बाजार पडल्यावर तो व्यापारी फोन उचलेना, हे तुमच्या शिवारात दरसाल कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येतं. बांगलादेश हे नागपुरी संत्र्याचं परदेशातलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक होतं. २०१९ नंतर त्यांनी आयात शुल्क टप्प्याटप्प्यानं वाढवलं, निर्यात आटली, आणि इथल्या बागांत भाव पडले. गिऱ्हाईक कोण हे सगळ्या वरुड-मोर्शीला माहीत होतं. त्या माहितीनं एक कॅरेटही जास्त भावानं विकलं गेलं नाही.

चिपच्या धंद्यात हेच घडलेलं आहे, आणि तेही पुन्हा पुन्हा.

इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज ही ब्रिटिश कंपनी आयफोनच्या ग्राफिक्सची रचना पुरवायची. उत्पन्नाचा साधारण निम्मा वाटा ॲपलकडून यायचा. ॲपलकडे तिचे थोडे शेअरही होते, त्यामुळे लोक निर्धास्त. ३ एप्रिल २०१७ ला कंपनीनं जाहीर केलं की ॲपल दोन वर्षांच्या आत तिची रचना वापरणं बंद करणार आहे. त्या एका दिवसात शेअर साठ टक्क्यांहून जास्त पडला. वर्ष संपायच्या आत कंपनी विकली गेली.

डायलॉग सेमीकंडक्टर तर तुमच्या ओळखीची, पॉवर आयसीवाली. तिच्या उत्पन्नाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग ॲपलवर होता. २०१७ च्या अखेरीस ॲपल ही आयसी स्वतःच करणार अशी बातमी आली आणि शेअर घसरला. पुढच्या वर्षी ॲपलनं साठ कोटी डॉलरचा करार करून तिच्या तंत्रज्ञानाचा काही भाग वापरायचा हक्क घेतला आणि तिचे तीनशे कर्मचारीही आपल्याकडे घेतले. डायलॉग बुडाली नाही, पण जे गिऱ्हाईक तिची शान होतं तेच तिचं स्पर्धक झालं.

तुमच्या ग्रुपच्या कयासाशी सर्वांत जुळणारी गोष्ट मात्र चिपची नाही, काचेची आहे. २०१३ च्या नोव्हेंबरात जीटी ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजीज या कंपनीनं ॲपलशी सॅफायर काचेचा करार जाहीर केला. ५७.८ कोटी डॉलर आगाऊ, हप्त्यांनी मिळायचे होते. इथे तर ग्राहकाचं नाव कुणाला ओळखायचंही नव्हतं, ते छापून आलेलं. मग पुढचा कयास सुरू झाला: आयफोन ६ ची स्क्रीन सॅफायरची असणार. हजारो लोकांनी त्यावर पैसे लावले. ९ सप्टेंबर २०१४ ला फोन आला, स्क्रीन साधी. माल ठरल्याप्रमाणे होत नव्हता म्हणून ॲपलनं आगाऊ रकमेचा शेवटचा हप्ताही रोखला होता. ६ ऑक्टोबरला कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला आणि शेअरची नव्वद टक्क्यांहून जास्त किंमत एका दिवसात उडाली. यात 'ग्राहक कोण' हे सगळ्यांचंच बरोबर होतं.

उलट उदाहरणही देते, नाहीतर मी फक्त घाबरवतेय असं वाटेल. सिरस लॉजिकचं दहातल्या आठ रुपयांहून जास्त उत्पन्न ॲपलकडून येतं, आणि हे असं कित्येक वर्षं चालू आहे. ती टिकून आहे, नफ्यातही आहे. तेव्हा एकाच गिऱ्हाईकावर जगणारी कंपनी बुडतेच असं नाही. पण तिचा शेअर घेणाऱ्यानं रोज त्या गिऱ्हाईकाच्या मनात काय चाललंय याची धास्ती घेऊन झोपायचं असतं. ती धास्ती बाजार भावात धरतो, म्हणून असे शेअर पुष्कळदा 'स्वस्त' दिसतात. तुमच्या ग्रुपला तो स्वस्तपणा संधी वाटतोय.

मग काय करायचं?

आधी ग्रुप बाजूला ठेवून कंपनीची वार्षिक कागदपत्रं उघडा. शेअरबाजारात नोंदलेल्या अमेरिकी कंपनीला दरवर्षी 'टेन-के' नावाचा अहवाल द्यावा लागतो. तो तिथल्या नियामकाच्या एडगर या संकेतस्थळावर फुकट मिळतो. एकूण उत्पन्नाच्या दहा टक्के किंवा जास्त ज्या एका ग्राहकाकडून येतं, त्याचा उल्लेख त्यात करावाच लागतो. नाव असतं किंवा नुसतं 'ग्राहक अ' असतं, पण टक्केवारी असते. 'कस्टमर' हा शब्द शोधत गेलात तरी जागा सापडेल. मागच्या तीन वर्षांची टक्केवारी शेजारी शेजारी लिहा. ती चढत असेल तर कंपनी त्या एका गिऱ्हाईकात आणखी गुंतत चाललीय. मग 'रिस्क फॅक्टर्स' हा भाग वाचा. तो वकिली भाषेत आणि कंटाळवाणा असतो, पण गिऱ्हाईकाला किमान खरेदीची अट आहे की ते केव्हाही ऑर्डर कमी करू शकतं, हे तिथेच लिहिलेलं असतं. इंग्रजी जड गेलं तर फोनवर भाषांतर करून घ्या; तुम्ही चिनी भाषेतल्या स्किमॅटिकवरून बोर्ड उठवणारे लोक, तुम्हाला हे अवघड नाही. (आपल्या देशातल्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालातही दहा टक्क्यांवरच्या ग्राहकाची नोंद सापडते. डिक्सन, कायन्स यांसारख्या इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या इतर वाचकांनीही ती बघावी.)

त्यानंतर एक तिमाही थांबा. निकाल यायच्या आधी वहीत तारीख घालून लिहा: उत्पन्न वाढेल की घटेल, शेअर दुसऱ्या दिवशी कुठे जाईल, आणि का. निकालानंतर पडताळा. पुष्कळदा उत्पन्नाचा अंदाज बरोबर येतो आणि शेअर तरी पडतो. २०१८ च्या नोव्हेंबरात ल्युमेंटम या कंपनीनं सांगितलं की एका मोठ्या ग्राहकानं माल कमी मागवलाय. नाव घेतलं नाही. सगळ्यांनी ॲपलच समजलं, आणि शेअर एका दिवसात साधारण एक तृतीयांश पडला. आधीपासून 'तो ग्राहक ॲपलच' असं छातीठोक सांगणारे लोक त्या दिवशी सर्वांत जास्त पोळले असणार.

तरीही घ्यावासा वाटला तर दुकानाच्या शिलकीतून घ्या. किती? सगळे गेले तरी दुकानाचं भाडं, स्पेअर पार्टवाल्याची उधारी आणि घरचा किराणा यांतलं काहीच पुढे ढकलावं लागणार नाही एवढे. उधार-उसनवार नाही. आणि ग्रुपमधल्या कुणी ऑप्शनसारख्या वायद्यांचा किंवा मार्जिनचा, म्हणजे उसन्या पैशांवरच्या सौद्यांचा, रस्ता दाखवला तर हात जोडा. देशाबाहेर मार्जिनसाठी पैसे पाठवणं रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत बसतच नाही. आणि आपल्या देशातल्या वायद्यांचं म्हणाल तर सेबीनं २०२४ मध्ये काढलेल्या अभ्यासात आधीच्या तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक सौदेकरी तोट्यात होते. ग्रुपचा ॲडमिन पैसे घेऊन 'कॉल' (कोणता शेअर घ्या-विका याचा सल्ला) देत असेल तर त्याचा सेबी नोंदणी क्रमांक मागा. उत्तर येतं की तुम्हाला ग्रुपमधून काढलं जातं, दोन्हीतून कळायचं ते कळेल.

बागेचे तीन लाख मात्र यात नकोत. त्या पैशांना आधीच वाटा फुटलेल्या आहेत. ताण तोडल्यावर खत-पाणी लागेल, डिंक्या आणि कोळशीच्या फवारण्या आहेत, मजुरी आहे. पीककर्ज घेतलेलं असेल तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत फेडल्यावरच बिनव्याजी पडतं. फेडीच्या दिवशी शेअर खाली असेल तर तोटा घेऊन विकायचा की सवलत घालवायची, असा पेच पडेल. कंपनी चांगली निघूनही तुम्हाला नुकसान होऊ शकतं, ते असं.

आता भाऊ. 'कसं पटवू' असं तुम्ही विचारलंत, पण त्याचं म्हणणं काय आहे हे पत्रात एका ओळीच्या पुढे नाही. मला जे दिसतं ते सांगते, चूक असेल तर सोडून द्या. परदेशी शेअरचं खातं तुमच्या एकट्याच्या नावावर उघडणार. पैसे बाबांच्या खात्यातून तुमच्या खात्यात येणार आणि तिथून बाहेर जाणार. बाग मात्र बाबांची आणि तुम्हा दोघा भावांची. नफा झाला तर तो कुणाचा, तोटा झाला तर कुणाच्या वाट्यातून वजा, हे कुणीच बोललेलं नाही. थोरल्याला चिप कळत नसेल, हे त्याला नक्की कळतं. आणि बाबांचं "समजत असन तं कर" हे पत्रात तुम्ही परवानगी म्हणून लिहिलंय. मला त्यात अर्धी परवानगी आणि अर्धी काळजी ऐकू येते. 'समजत असेल तर' हीच तर त्यांची अट आहे. रात्री जेवणं झाल्यावर तिघांनी बसा, तो वर सांगितलेला एक डॉलरच्या चिपचा हिशोब त्यांच्यासमोर करून दाखवा, आणि शेअरसाठी बागेच्या पैशाला हात लावणार नाही हे आधीच सांगून टाका. मग भाऊ काय विचारतो ते ऐका. तो बाजार समितीत उभा राहून सौदे करणारा माणूस असेल तर गिऱ्हाईकाबद्दलचे त्याचे प्रश्न तुमच्या ग्रुपपेक्षा चांगले निघतील.

तीन लाख नाही, पण त्यातले थोडे घरच्यांच्या संमतीनं तुमच्या दुकानात घालायचा पर्यायही बोलून बघा. चांगला ट्रायनॉक्युलर मायक्रोस्कोप, नीट हॉट एअर स्टेशन, रिबॉलिंगचं सामान. डेड सेट नागपूरला पाठवायचे ते इथेच उठले तर ते पैसे इथेच राहतात. हा सल्ला शेअरइतका रंगतदार नाही, माझी हरकत नाही. आणि चिपच्या धंद्यात हिस्सा हवाच असेल तर अमेरिकी बाजारात गुंतवणाऱ्या आपल्याकडच्या म्युच्युअल फंडांत छोटी एसआयपी होते. परदेशी गुंतवणुकीच्या मर्यादेमुळे असे फंड अधूनमधून नवे पैसे घेणं थांबवतात, तेवढं आधी पाहा.

एक कोरडी गोष्ट राहिली, आणि ॲपवाले ती बारीक अक्षरात सांगतात. परदेशी शेअर एक जरी घेतला तरी आयकर विवरणपत्र भरावंच लागतं, बागेचं उत्पन्न करमुक्त असलं तरी. त्यात 'शेड्यूल एफए' (परदेशी मालमत्तेचा तक्ता) मध्ये तो शेअर दाखवायचा, आणि तोही जानेवारी ते डिसेंबरच्या हिशोबानं. दुकानाचं उत्पन्न तुम्ही आतापर्यंत आयटीआर-४ मध्ये दाखवत असाल तर परदेशी मालमत्ता असताना तो फॉर्म चालत नाही, आयटीआर-३ लागतो. लाभांश मिळाला तर अमेरिका त्यातले २५ टक्के आधीच कापते. छोट्या रकमेवर बँकेचा पैसे पाठवायचा खर्च आणि डॉलरच्या दरातला फरक वेगळा. तेव्हा पैसे पाठवायच्या आधी तुमच्या सीएंना भेटा आणि विचारा की शेड्यूल एफए त्यांनी कुणाचं कधी भरलंय का. "एवढ्याशा रकमेला काही लागत नाही," असं ते म्हणाले तर अमरावती किंवा नागपुरात दुसरा सीए बघा.